पुण्यात नवे घर, वीज आणि गॅस : निवड नेमकी कुठे करायची?

मुंबईच्या उपनगरांतून पुण्यात बदलून आलेले शेजारी सामान लावून झाल्यावर पहिल्याच आठवड्यात विचारतात, "इथे विजेची कंपनी कोणती घ्यावी?" त्यांचा प्रश्न अस्थानी नसतो. मुंबई उपनगरांत एकाच जिन्यावर एका घरी टाटा पॉवरचे आणि समोरच्या घरी अदाणी इलेक्ट्रिसिटीचे बिल येऊ शकते, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ मधील निकालानंतर टाटा पॉवरला तेथील किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याची वाट मोकळी झाली आणि जुन्याच तारांवरून कंपनी बदलण्याची पद्धत वीज नियामक आयोगाने २००९ मध्ये घालून दिली. पुण्यात घरगुती ग्राहकाला अशी निवड करता येत नाही. येथे घरच्या विजेचे बिल महावितरणचेच येते. गॅसच्या बाबतीत मात्र तीन कंपन्या, त्यांचे गल्लोगल्लीचे वितरक आणि शिवाय पाईप गॅस असा पर्याय समोर असतो, आणि नेमकी तिथेच बहुतेक मंडळी फारसा विचार न करता आधीच्या भाडेकरूचे वितरक पुढे चालवतात.

हा लेख पुण्यात पहिल्यांदाच घर मांडणाऱ्यांसाठी आहे. गेली सहा वर्षे मी आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीत असल्यामुळे हे प्रश्न घेऊन येणारी माणसे मला वरचेवर भेटतात, आणि ज्या क्रमाने त्यांची कामे अडतात त्याच क्रमाने येथे पायऱ्या दिल्या आहेत.

पहिली पायरी : किल्ली घेण्याआधी बिल आणि मीटर पाहणे

घर विकत घ्या किंवा भाड्याने घ्या, व्यवहार पक्का करण्यापूर्वी विजेचे अगदी अलीकडचे बिल मागून घ्यावे. त्यावरचा बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि चार अंकी बिलिंग युनिट लिहून ठेवावे, म्हणजे थकबाकी आहे की नाही ते महावितरणच्या संकेतस्थळावर किंवा अॅपवर स्वतःच पाहता येते. विजेची थकबाकी जागेमागे लागते, आणि मूळ मालक दुसऱ्या शहरात गेल्यावर त्याच्याकडून ती वसूल करण्याची धडपड आपल्यालाच करावी लागते.

त्यानंतर खाली मीटरच्या खोलीत जावे. बिलावरचा मीटर क्रमांक आणि मीटरवर कोरलेला क्रमांक एकच आहे का, हे डोळ्यांनी पाहावे, कारण मोठ्या इमारतींत दोन घरांच्या मीटरची अदलाबदल झालेली असते आणि वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. खात्री करण्याची एक सोपी युक्ती आहे. घरातले सगळे बंद करून फक्त दोन हजार वॉटचा गिझर पंधरा मिनिटे चालू ठेवावा. तेवढ्यात अर्धा युनिट जळतो. मीटरवर '३२०० इम्प' असे लिहिलेले असेल तर लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट होतो, म्हणजे या पंधरा मिनिटांत तो साधारण १६०० वेळा लुकलुकायला हवा. दिवा अगदीच संथ लुकलुकत असेल तर तुम्ही शेजाऱ्याच्या मीटरसमोर उभे आहात, हे समजावे.

नव्या बांधकामात आणखी एक गोष्ट विचारावी : घराला स्वतःचे कायमचे मीटर बसले आहे का, की बांधकामाच्या तात्पुरत्या जोडणीवरून वीज दिली जात आहे? तात्पुरत्या जोडणीचा दर घरगुती दरापेक्षा जास्त असतो आणि तो अखेरीस राहणाऱ्याच्याच खिशातून जातो. ताबा घेण्याची घाई असली तरी ही गोष्ट लेखी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे मत आहे.

दुसरी पायरी : जोडणी आपल्या नावावर करणे

विकत घेतलेल्या घरासाठी इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा सरकारी उतारा) किंवा खरेदीखत, आणि ओळखपत्र जोडून नाव बदलण्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. भाडेकरूने सहसा नाव बदलू नये, मालकाच्या नावावरच बिल भरावे, पण नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारात वीजबिल कोणी भरायचे हे स्पष्ट लिहून घ्यावे आणि राहायला आल्याच्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून मालकाला पाठवावा. ग्राहक क्रमांकाशी आपला मोबाइल क्रमांक जोडायला विसरू नये, कारण वीज जाण्याच्या आगाऊ सूचना त्यावरच येतात. पुण्यातल्या नव्या माणसाला येथेच गुरुवारचे महत्त्व कळते, कारण देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार या शहरात बहुधा गुरुवारच असतो.

सुरक्षा ठेव हा प्रकार पाहून नवे ग्राहक चिडतात. ती साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी असते आणि वापर वाढला की वर्षातून एकदा फरकाचे वेगळे बिल येते. ते फसवणुकीचे बिल नसते. या ठेवीवर व्याज मिळते आणि ते पुढच्या बिलातून वळते होते.

तिसरी पायरी : बिल वाचायला शिकणे

कंपनी निवडता येत नसली तरी वीज केव्हा आणि किती वापरायची हे आपल्या हातात असते, आणि त्यासाठी बिलावरचे सात-आठ शब्द समजून घ्यावे लागतात. 'स्थिर आकार' हा एक युनिटही न वापरता लागतो. 'वीज आकार' टप्प्याटप्प्याने वाढतो : पहिले शंभर युनिट, मग तीनशेपर्यंत, मग पाचशेपर्यंत आणि त्याच्या वर. 'वहन आकार' म्हणजे तुमच्या घरापर्यंत वीज आणून देण्याचे भाडे, ते प्रत्येक युनिटवर वेगळे लागते. 'इंधन समायोजन आकार', म्हणजे वीज तयार करण्याच्या आणि विकत घेण्याच्या खर्चातल्या चढउताराची भरपाई, दरमहा बदलू शकतो. या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क भरावे लागते. हे शुल्क राज्य शासनाला जाते, महावितरणला नव्हे.

टप्प्यांची गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण बहुतेक घरांचे गणित तिथेच बिघडते. शंभर युनिटच्या वर गेल्यावर सगळेच युनिट महाग होत नाहीत, फक्त वरचे होतात. पण ते अचानक बरेच महाग होतात. एप्रिलमध्ये वातानुकूलन यंत्र चालू केले की वाढलेला प्रत्येक युनिट हा तुमच्या बिलातला सर्वांत महाग युनिट असतो, आणि म्हणूनच बचतीचा हिशेब सरासरी दराने न करता शेवटच्या टप्प्याच्या दराने करावा. जे दुकानदार 'हे यंत्र दिवसाला फक्त इतक्या रुपयांत चालते' असे सांगतात, ते पहिल्या टप्प्याचा दर धरून बोलत असतात.

घर बंद असताना रीडिंग न मिळाल्यामुळे सरासरीने बिल आले, तर ते तसेच भरून गप्प बसू नये. मीटरचा फोटो काढून अॅपवर स्वतःचे रीडिंग पाठवता येते. शिवाय बिल काढल्यापासून सात दिवसांत भरल्यास कर आणि शुल्क वगळून उरलेल्या रकमेवर एक टक्का सूट मिळते, आणि छापील बिलाऐवजी ईमेलवर बिल घेतले तर दर बिलामागे दहा रुपये वाचतात. रक्कम लहान असली तरी एकदा सोय लावून दिली की ती सूट आपोआप मिळत राहते.

घरी स्मार्ट मीटर बसले असेल तर १ जुलै २०२५ पासून सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेतल्या वापरावर सवलत आहे. धुलाई यंत्र, पाण्याचा पंप आणि इस्त्री ही तीन कामे त्या वेळेत ढकलता येतात. गिझर मात्र सकाळी सहालाच लागतो, त्यामुळे दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात या सवलतीतून फार मोठी अपेक्षा ठेवू नये.

चौथी पायरी : गॅस, म्हणजे खरी निवड

इंडेन, भारत गॅस आणि एचपी या तिन्ही सरकारी कंपन्यांच्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा दर एका शहरात सारखाच असतो आणि गॅसही सारखाच असतो. त्यामुळे 'कोणती कंपनी चांगली' या चर्चेत वेळ घालवण्यात अर्थ नाही. प्रत्यक्षात निवड करायची असते ती वितरकाची. सिलिंडर किती दिवसांत येतो, वरच्या मजल्यावर नेऊन देतात का, तक्रारीला फोन उचलतात का, हे प्रश्न इमारतीच्या सुरक्षारक्षकाला आणि शेजारच्या दोन-तीन घरांना विचारावेत. त्यांच्याकडून मिळणारे उत्तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा खरे असते.

वितरक पसंत पडला नाही तर बदलता येतो. त्याच कंपनीचा दुसरा वितरक हवा असेल तर काम सोपे आहे, नोंद हलवली जाते आणि सिलिंडर-रेग्युलेटर घरीच राहतात. कंपनी बदलायची असेल तर मात्र जुन्या वितरकाकडे सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून ठेव परत घ्यावी लागते आणि नव्याकडे नवी ठेव भरावी लागते. जून २०२२ मध्ये नव्या जोडणीची ठेव एका सिलिंडरला २२०० रुपये आणि रेग्युलेटरला २५० रुपये झाली. परत मिळते ती मात्र आपण पूर्वी भरलेली, म्हणजे कागदावर छापलेली रक्कम. जुनी जोडणी असलेल्यांनी कंपनी बदलण्याआधी हा फरक लक्षात घ्यावा. एकाच कंपनीत जवळचा वितरक मिळत असेल तर मी तोच मार्ग सुचवीन.

नोंदवलेला सिलिंडर दारात आला की मोबाइलवर आलेला संकेतांक (ओटीपी) सांगण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, सील पाहणे. दुसरी, वजन करून घेणे. वितरकाच्या माणसाजवळ काटा असायला हवा आणि ग्राहकाने मागितल्यास वजन दाखवायलाच हवे. आमच्याकडे एकदा आलेल्या सिलिंडरच्या कड्यावर रिकामे वजन १५.३ किलो कोरलेले होते, म्हणजे भरलेला सिलिंडर २९.५ किलो भरायला हवा होता. काट्याने २८.१ दाखवले. माणूस शांतपणे म्हणाला, "काका, काटाच हलका दाखवतोय." मी त्याला म्हटले, "मग रिकामा लावून बघू." आमचा रिकामा सिलिंडर त्याच काट्यावर कड्यावरच्या आकड्याएवढाच बरोब्बर भरला. पुढे काही न बोलता त्याने टेम्पोतून दुसरा सिलिंडर काढून दिला. तेव्हापासून मी रिकामा सिलिंडर दाराशी तयार ठेवतो, कारण काटा खरा की खोटा हे ठरवायला त्याच्याइतके चांगले माप घरात दुसरे नाही.

त्याच कड्याच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे वर्षाचे शेवटचे तीन महिने. ही सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची मुदत असते. ती उलटून गेलेली असेल तर सिलिंडर परत करावा. नारिंगी सुरक्षा नळी दर पाच वर्षांनी बदलावी. गळतीचा वास आला तर १९०६ या क्रमांकावर फोन करावा, आणि तो घराबाहेर जाऊन करावा.

शिकायला किंवा वर्षभराच्या नोकरीला आलेल्या, खोलीत एकट्याने राहणाऱ्यांनी मोठ्या जोडणीच्या मागे लागूच नये. पाच किलोचा छोटा सिलिंडर, ज्याला इंडेनमध्ये 'छोटू' म्हणतात, फक्त ओळखपत्रावर मिळतो आणि पत्त्याचा पुरावा लागत नाही. त्यातला गॅस किलोमागे महाग पडतो, पण सदाशिव पेठेतल्या खोलीत महिन्यातून दहा वेळा चहा आणि चार वेळा मॅगी करणाऱ्याला त्याचा फरक पडत नाही.

पाईप गॅस घ्यावा का?

पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये स्वयंपाकाचा पाईप गॅस महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड, म्हणजे बोलीभाषेत एमएनजीएल, पुरवते. गेल आणि भारत पेट्रोलियम या दोन सरकारी कंपन्यांची ही संयुक्त कंपनी २००६ मध्ये सुरू झाली. तिची पिवळी पाईप तुमच्या इमारतीच्या भिंतीवरून वर चढलेली असेल तरच हा प्रश्न उद्भवतो, नसेल तर आधी सोसायटीला अर्ज करावा लागतो.

दरांची तुलना करताना सिलिंडरची किंमत आणि घनमीटरचा दर शेजारी ठेवून काहीच कळत नाही, कारण मापे वेगळी आहेत. एक किलो सिलिंडरच्या गॅसमध्ये जेवढी उष्णता असते तेवढी मिळवायला पाईप गॅस ढोबळमानाने सव्वा घनमीटर लागतो. म्हणून १४.२ किलोचा सिलिंडर म्हणजे साधारण साडेसतरा ते अठरा घनमीटर. पाईप गॅसच्या चालू दराला साडेसतराने गुणावे, त्यावरचे कर धरावेत, आणि आलेली रक्कम सिलिंडरच्या त्या महिन्याच्या किमतीशी ताडून पाहावी. हा हिशेब घरी कागदावर करावा, विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नये.

पाईप गॅसमध्ये नोंदणी, काटा, सिलिंडर संपल्यावरची धावपळ हे सगळे संपते आणि बिल वापरानंतर येते, हा त्याचा मोठा गुण आहे. शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणाऱ्या बारीक तोट्या, मात्र बदलाव्या लागतात आणि ते काम कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावे. स्वयंपाकघरातली हवा खेळण्याची जागाही वेगळी लागते : सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो जमिनीलगत साचतो, पाईप गॅस हलका असल्याने छताकडे जातो. ज्यांनी वरची झडप स्वयंपाकघराच्या नूतनीकरणात बुजवली आहे त्यांनी ती आधी उघडावी.

गॅस सोडून सगळा स्वयंपाक इंडक्शनवर करावा काय, असेही हल्ली विचारले जाते. शेगडी आणि इंडक्शन यांची कार्यक्षमता धरून हिशेब केला तर एका सिलिंडरचे काम करायला साधारण १३५ ते १४० युनिट वीज लागते. पण वर सांगितलेला टप्प्यांचा नियम आठवा : हे युनिट तुमच्या बिलाच्या अगदी वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. ज्या घराचा वापर शंभर युनिटच्या आत आहे त्यांना ते एक वेळ परवडेल, वातानुकूलन यंत्रे असलेल्या घराला परवडणे कठीण आहे.

पाचवी पायरी : छप्पर, आणि मोठ्या ग्राहकांची खुली वीज

वीज कायदा २००३ ने वीजनिर्मिती परवानामुक्त केली आणि दुसऱ्याच्या तारांवरून वीज आणण्याची, म्हणजे खुल्या प्रवेशाची, वाट उघडली. त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये एकाच भागात दुसऱ्या वितरण परवानाधारकालाही जागा आहे. मात्र खुल्या प्रवेशाची वाट बराच काळ एक मेगावॉटच्या वरच्या ग्राहकांपुरतीच होती. २०२२ च्या हरित ऊर्जा नियमांनी हरित विजेसाठी ती मर्यादा १०० किलोवॉटवर आणली. चाकण-भोसरीच्या कारखान्यांना आणि मोठ्या रुग्णालयांना त्याचा उपयोग होतो. त्यांनीही स्वस्त युनिटच्या जाहिरातीवर न जाता वहन शुल्क, पारेषण शुल्क आणि क्रॉस सबसिडी अधिभार (इतर ग्राहकांच्या स्वस्त दराची भरपाई) धरून दारात पडणारा दर काढावा.

घरगुती माणसासाठी दुसरा पुरवठादार आहे तो डोक्यावरचा सूर्य. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्य घर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, असे जास्तीत जास्त ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान ठरवण्यात आले. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी ते किलोवॉटमागे १८,००० रुपये ठेवले गेले. एक किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते आणि महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात, पावसाळ्यात त्याहून कमी. येथे विक्रेता निवडण्याचे स्वातंत्र्य पूर्णपणे तुमचे आहे, म्हणून योजनेच्या पोर्टलवर नोंदलेल्या किमान तिघांकडून लेखी दरपत्रक घ्यावे, आणि पॅनेलच्या पंचवीस वर्षांच्या हमीपेक्षा इन्व्हर्टरची हमी किती वर्षांची आहे ते आधी विचारावे, कारण आधी बिघडतो तो इन्व्हर्टर. फ्लॅटधारकाला गच्ची स्वतःची नसल्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. आमच्याकडे तो तिसऱ्या सभेत मंजूर झाला, पहिल्या दोन सभा पापड कुठे वाळवायचे या मुद्द्यावर संपल्या.

सहावी पायरी : फसवे फोन आणि खऱ्या तक्रारी

'आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या क्रमांकावर फोन करा' असा संदेश खासगी मोबाइल क्रमांकावरून आला तर तो खोटा समजावा. वीज कायद्याच्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या क्रमांकावर उलट फोन करू नये, कोणतेही अॅप उतरवू नये.

खरी तक्रार असेल तर १९१२ या क्रमांकावर नोंदवून तक्रार क्रमांक जपून ठेवावा. तेवढ्याने भागले नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, जिथे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावे लागते आणि वकील लागत नाही. त्यावर विद्युत लोकपाल. दर ठरवण्याच्या आयोगाच्या सुनावणीतही सामान्य ग्राहकाला हरकत घेता येते. पुण्यातील 'प्रयास' ही संस्था हे काम वर्षानुवर्षे अभ्यासाने करत आली आहे. २००६ मध्ये राज्यभर भारनियमन चालू असताना उद्योगांची स्वतःची जनित्रे वापरून पुणे शहर भारनियमनमुक्त झाले होते आणि त्याचा जादा खर्च अधिक वापर असलेल्या ग्राहकांच्या बिलांतून आला होता, हे जुन्या पुणेकरांना आठवत असेल.

घर सोडताना

शेवटच्या दिवशी वीजमीटरचा फोटो काढून तेवढ्या रीडिंगचे पैसे मालकाबरोबर चुकते करावेत. गॅसची जोडणी दुसऱ्या शहरात न्यायची असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर वितरकाकडे देऊन टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे जोडणी बंद केल्याची पावती, घ्यावे. त्यासाठी पहिल्या दिवशी मिळालेले सबस्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे जोडणी आणि ठेवीची पावती, लागते, आणि घरोघरी नेमके तेच सापडत नाही. जोडणी घेतल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवावा आणि मूळ कागद घराच्या कराराच्या फाइलमध्ये टाकावा, स्वयंपाकघराच्या खणात नव्हे.